टोपलीत न पडलेला फोन

लुबनाच्या हिन्नाच्या, म्हणजे मेंदीच्या, संध्याकाळी बायकांच्या दिवाणखान्याच्या दाराशी नेहमीची वेताची टोपली ठेवली होती. आत येणारी प्रत्येक बाई आपला फोन त्यात टाकायची, मग डोक्यावरचा रुमाल सोडायची आणि मग मोकळं हसायची. उम् निझारनी, म्हणजे निझारच्या आईंनी, रुवैदाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या टोपलीपाशी. तिशी ओलांडलेली, चपट्या बुटांची, हातात मिठाईचा डबा. तिने स्वतःचा फोन टाकला आणि नवरीच्या बहिणीला, जुमानाला म्हणाली, "तुझाही टाक."

"माझा? मी घरची आहे, उस्ताझा! मग फोटो कोण काढणार? एखादा बाप्या बोलावू?"

बायका खो खो हसल्या.

"घरच्यांचाच आधी टाकायचा असतो," रुवैदा म्हणाली.

"उस्ताझा म्हणजे वकीलबाई गं ती," मागून कोणीतरी बोललं. "लग्नघरीसुद्धा खटला उभा करते."

"म्हणून तर स्वतःचं लग्न तारखेवर तारीख चाललंय!"

रुवैदाने ते ऐकलं आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. उम् निझारनी जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं होतं. चिडवल्यावर कोण ओठांनी हसतं आणि कोण डोळ्यांनी, हे त्यांना लांबूनही कळे. ही डोळ्यांनी हसली होती.

जुमानाचा फोन मात्र टोपलीत पडला नाही. त्या रात्री उम् निझार मेणबत्त्या लावलेलं हिन्नाचं तबक डोक्यावर घेऊन नाचल्या. पांढरी वेणी सुटलेली, गुडघे कुरकुरत होते, पण तबक हललं नाही. जुमाना टिपत राहिली. फक्त लुबनासाठी.

पुढच्याच महिन्यात रुवैदा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. एका खोलीत बिछाना, दुसरीत कचेरी. गावातल्या सगळ्या तरण्या पोरींसारखी तीही उम् निझारना खालतो म्हणू लागली, म्हणजे मावशी. संध्याकाळी दोघी जिन्यात बसून मरामियाचा पाला घातलेला चहा पीत. हिचं काम काय, ते उम् निझारना हळूहळू कळलं. एका शाळेच्या ड्रायव्हरने नळाला पाणी नाही म्हणून फेसबुकवर चार शब्द लिहिले होते, त्याची बाजू मांडायची. एका नर्सचा फोन चौकशीसाठी नेला तो परत मिळाला नव्हता, तो मिळवायचा. आणि एक मंगळवार सोडून बसने अम्मानला जायचं. तिथे काही वकील मिळून कायद्यात एक ओळ घालून घ्यायच्या खटपटीत होते. कोणाचा फोन घेतला तर काय शोधायचंय ते आधी लिहून द्यावं, आणि तेवढंच बघावं.

"एवढंच?" उम् निझारनी विचारलं.

"एवढंच, खालतो. चार वर्षं झाली."

ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत जुमाना रडत जिना चढून आली. फोनची काच फुटली म्हणून तिने तो मुअतझच्या दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. त्याने हिन्नाचे सगळे फोटो उतरवून घेतले. मग त्याचे मेसेज सुरू झाले. दुकानामागे भेटायला ये, नाहीतर फोटो तुझ्या काकांना पाठवतो. जुमानाने घरी सांगितलं नाही. तिचं डोकं फिरलं, आणि तिने गावाच्या फेसबुक पानावर दुकानाच्या नावानिशी लिहिलं की हा माणूस फोटो चोरतो. मुअतझ सरळ पोलिसात गेला. इंटरनेटवरून बदनामी केली, अशी त्याची तक्रार. आता आरोपी होती जुमाना.

"त्याचे मेसेज आहेत ना तुझ्याकडे?" उम् निझार म्हणाल्या. "मग दाखव की कोर्टात! गप्प काय बसलीस?"

जुमानाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग उम् निझारच्या लक्षात आलं. मेसेज ज्या फोनमध्ये होते, त्याच फोनमध्ये त्या स्वतः होत्या. डोक्यावर तबक, रुमाल नाही, वेणी सुटलेली. आणि गावातल्या निम्म्या बायका.

"पुसून टाक ते फोटो."

"फोनला आता हात लावला तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा," रुवैदा म्हणाली.

"मग देऊच नकोस."

"तर तो खरा आणि ही खोटी. कंपनी सांगेल मेसेज गेले म्हणून. त्यात काय होतं ते नाही सांगणार."

"मग दे बाई एकदाचा!"

"दिला तर अख्खा जातो, खालतो. चार पुरुषांच्या कचेरीत. मेसेज शोधता शोधता बाकीचंही बघतात, आणि बघू नका म्हणायला माझ्याकडे कायदा नाही."

उम् निझार उठल्या आणि कारण नसताना त्यांनी खिडकी लावून घेतली.

"न्यायाधीशाच्या आईला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "त्याच्या बहिणी माझ्या हाताखाली शिकल्या. एक शब्द टाकते."

"टाका. तुमचा फोटो नक्की वाचेल."

"मग झालं तर!"

"आणि पुढच्या मुलीला तुमच्यासारखी मावशी नसली तर?"

"पुढची मुलगी पुढचं बघेल गं!" उम् निझार चिडून म्हणाल्या. पण न्यायाधीशाच्या आईला त्यांनी शब्द टाकला नाही.

रुवैदाने अर्ज तयार केला. फक्त मुअतझचे मेसेज पाहावेत, बाई तज्ज्ञाने पाहावेत, वकिलासमोर पाहावेत. त्याला जोर यावा म्हणून फोटोतल्या बायकांची हरकत हवी होती. ती घरोघर फिरली. सगळीकडे कॉफी मिळाली, खजूर भरलेली माअमूल मिळाली. सही कुठेच मिळाली नाही.

"सही केली म्हणजे मी तिथे उघड्या डोक्याने नाचले असं लिहूनच दिलं की," लुबनाची सासू म्हणाली. "फोटो चौघं बघतील, उस्ताझा. तुझा अर्ज अख्खं कोर्ट वाचेल."

एकही बाई चुकीचं बोलत नव्हती, आणि रुवैदाला त्याचाच जास्त त्रास होत होता. संध्याकाळी ती जिन्यात बसून बूट काढायची आणि कितीतरी वेळ ते हातातच धरून बसायची. एके दिवशी उम् निझारनी चहाबरोबर चष्मा आणि पेन आणलं.

"कुठे करायची ती दाखव."

कुवेतहून निझारचा फोन आला. "आई, या वयात हे काय?"

"नाचले या वयात, तर सहीपण याच वयात करणार."

न्यायाधीश सभ्य होता. त्याने उम् निझारसाठी खुर्ची मागवली. अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "कायद्यात 'फोन' लिहिलंय. फोनचा कोपरा लिहिलेला नाही. फोन पूर्ण तपासला जाईल. मात्र या बाईंची हरकत रास्त आहे, त्यांचे फोटो बाजूला काढावेत. त्यासाठी बाईंनी तपास कचेरीत यावं आणि पडद्यावर आपले फोटो ओळखून दाखवावेत."



"म्हणजे," उम् निझार वर्गात विचारत तशा म्हणाल्या, "माझा फोटो कोणी बघू नये म्हणून मी तो तुमच्या माणसांना बोट ठेवून दाखवायचा?"

"तशी पद्धत आहे, बाई."

बाहेर व्हरांड्यात त्यांना हसू फुटलं. भिंतीला टेकून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत त्या हसल्या. रुवैदा हसली नाही. ती पिशवीचा पट्टा लावत होती आणि तो लागत नव्हता.

फोन जप्त झाला, पण जुमानाने पासवर्ड दिला नाही. दिला तर काय जाईल आणि नाही दिला तर काय, हे रुवैदाने तिला दोन्ही बाजूंनी समजावलं, आणि निवड तिची आहे असंही सांगितलं. जुमाना म्हणाली, "त्यात मी एकटी नाही, उस्ताझा. सगळ्याजणी आहेत. मी टोपलीत टाकला असता तर ही वेळच आली नसती." बदनामीबद्दल तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली. अपील लागेपर्यंत ती स्थगित आहे.

मुअतझचं दुकान चालू आहे. फोटो त्याने कुणाला दाखवले नाहीत, कारण दाखवले तर तोच अडकेल. पण ते त्याच्याकडे आहेत हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तक्रार करायची म्हटली तर पुन्हा तोच फोन उघडावा लागतो. दुकान जवळ आलं की बायका रस्ता ओलांडून पलीकडून जातात. उम् निझार ओलांडत नाहीत, पण तेवढ्यापुरता त्यांचा हात रुमालाच्या गाठीकडे जातो. हिन्नाच्या संध्याकाळी आता घरच्यांचे फोन आधी टोपलीत पडतात. रुवैदाला मात्र अशी आमंत्रणं कमी येतात. ती दिसली की बायकांना तो अर्ज आठवतो.

जुमानाचा फोन सीलबंद पिशवीत कोर्टाच्या कपाटात आहे. रुवैदा अजून वरच्या मजल्यावर राहते आणि एक मंगळवार सोडून सकाळच्या बसने अम्मानला जाते. ती ओळ अजून कायद्यात आलेली नाही.