पाणी सोडलं हो!

आमच्या गावात नळ आठ दिवसांनी येतात. 'येतात' असंच म्हणायचं, रुसलेल्या जावयासारखं. त्यांची वर्दी द्यायचं काम ग्रामपंचायतीच्या पुंजाजीचं. तो टाकीचा वॉल फिरवायचा आणि सायकलवरून ओरडत जायचा, "पाणी सोडलं होऽऽ!" बावीस वर्षं हेच. बायका तव्यावरची भाकर सोडून हंडे घेऊन पळायच्या. "पुंजाजीचा हुकूम कलेक्टरच्या वरतं चालते," असं कोणी चिडवलं की गडी लाजायचा, पण मनातून फुलायचा.

जुलैतल्या त्या दिवशी गावात नुसती भुरभुर होती. सगळा पाऊस सातपुड्यात कोसळला. अकराच्या सुमारास वरच्या धरणावरून त्याला फोन आला, "पाणी सोडलं. नाल्याकाठचे लोक हालव." भोंग्याची गाडी बंद, सायरन तीन वर्षांपासून मुका. म्हणजे अख्ख्या गावाची यंत्रणा एका माणसाच्या गळ्यावर! त्यानं सायकल हाणली आणि घाईत सवयीचंच तोंडातून निघालं, "पाणी सोडलं होऽऽ!"

लोक पळाले, पण हंडे घेऊन नळाकडे. वळून पाहिलं तशी त्यानं सायकल उलटी फिरवली. मग "पूर आला, वर पळा!" म्हणत त्यानं घसा फोडला. बरेचजण पळाले. नाल्यापलीकडच्या सरकारी नळावर झुंबरबाई तेवढी राहिली, हंडा लावून एकटी.

नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. "अवो बाई, वरतं जाय!" तो ओरडला. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिनं हातानंच खूण केली, नळ नाही आला अजून. तो पाण्यात उतरला; कमरेइतक्या पाण्यात लोंढ्यानं पाडला, लोकांनी ओढून काढला. त्यानं तहसीलला फोन लावला. उत्तर मिळालं, बोट जिल्ह्याहून निघेल, चार तास लागतील. समोर माणूस बुडतंय आणि बोट चार तासांवर! संताप येतो नुसता. पण तेव्हा आम्ही सगळेच काठावर हात हलवत उभे होतो, आमच्या डोळ्यांदेखत नळ, ओटा आणि बाई गेली.

तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. पुंजाजी तिच्या घरी गेला, उंबऱ्याबाहेरच बसला. "मायं चुकलं," एवढंच बोलला. सून सुचितानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "काकाजी, मी त्याईले म्हटलं होतं, अशा पाण्यापावसात जाऊ नोका. तं म्हणे, पुंजाजीनं आवाज देल्ला. तो कधी लबाड नाई बोलत."