डावीकडं जाणारं विमान

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, हवाई दलात तंत्रज्ञ होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विमानांच्या पोटाखाली आणि चाकांपाशी काढली. विमान चालवलं कधीच नाही. हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं, पण सातारच्या त्यांच्या कॉलनीला वैमानिक हवा होता. निवृत्तीनंतरच्या सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. त्यावर दाजींचा आधारकार्डावरचा फोटो, मागं कुठल्यातरी परदेशी लढाऊ विमानाचं चित्र आणि खाली ‘आकाशातला वाघ’. शाल झाली, नारळ झाला, वाघाला ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं त्यांची भाषणंही झाली. घरी येऊन शालीची घडी घालत दाजी म्हणाले, “नोकरीभर खालनं नट आवळले. शेवटी फ्लेक्सवाल्यानं बशीवलं इमानात.”

पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, वाचाही थोडी जड होऊन परत आली, उजव्या हातानं मात्र फार वेळ लावला. कोपरातून दुमडून तो पोटाशी यायचा आणि तिथंच राहायचा. फिजिओथेरपीच्या बाई घरी यायच्या. त्यांनी दिलेला रबरी चेंडू दाबणं हे दाजींना पोराटोरांचं काम वाटायचं. तेव्हा बंगळुरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, एक कॉम्प्युटर, विमान उडवण्याचा सिम्युलेटर आणि एक जॉयस्टिक पाठवून दिली. चेंडूला हात न लावणारा माणूस त्या दांड्याला तासन्‌तास धरून बसू लागला. बाई म्हणाल्या, हाही व्यायामच आहे, चालू द्या.

दाजी रोज कराडच्या धावपट्टीवरून उडायचे आणि हायवे धरून उंब्रजवरून सातारला यायचे. उपग्रहाच्या चित्रातून केलेली खालची जमीन सपाट दिसायची, आमची कॉलनी कुणीतरी राखाडी रंग सांडून ठेवल्यासारखी. तरी ते रोज सांगायचे, “ह्यो बघ आपला पत्रा.” सहा महिन्यांत त्यांचा हात पोटापासून सुटून टेबलापर्यंत आला होता. चहाचा कप धरता येत नव्हता, पण धरायचा विचार करता येत होता.

दसऱ्यानंतर आक्काचा फोन आला.

“त्यांनी फिजिओच्या बाईला येऊ नका म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली.

“का?”

“इमान डावीकडं जातंय म्हनं. सातारला जायाला निघालं की कोयनेच्या पाण्यावर. हात गेला म्हणत्यात. आता व्यायाम करून काय उपेग, असं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडल्यात.”

“अगं, दांडा बिघडला असेल.”

“मी बी तेच म्हटलं. तर म्हणाले, मशीन खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतंय.”

मी सांगलीत पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या घराण्यात याचा अर्थ मिक्सर दुरुस्त करणारी बाई एवढाच आहे, आणि तोही आदरानं नाही. त्या आठवड्यात माझ्याकडं पेपरांचे दोन गठ्ठे होते, मान आखडली होती आणि कुठंही जाऊ नये असं वाटत होतं. पण आक्का सहसा फोनवर एवढं बोलत नाही.

अशा स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांड्याची हालचाल ओळखायला दोन पोटेंशिओमीटर असतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखीच जात. आतल्या कार्बनच्या पट्टीवरून एक पातळ पत्रा सरकतो. पट्टी झिजली किंवा मळली की दांडा सरळ असूनही तो वाकडा असल्याचं मशीनला वाटतं. त्याऐवजी चुंबकाची जवळीक ओळखणारे सेन्सर बसवले की घासणारा भागच उरत नाही. ते आणायला मी शनिवारी कॉलेजवरून दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, “जॉयस्टिक कशाचा मॅडम? जेसीबीचा का ऊस तोडायच्या हार्वेस्टरचा?”

“विमानाचा.”

त्यानं सेन्सर मोजून पुडीत बांधले. “सांगलीत विमानतळ होणार म्हणून लहानपणापासून ऐकतोय,” तो म्हणाला, “तुम्ही दांड्यापासून सुरुवात केली ते बरं केलं.”

रविवारी एसटीनं निघाले. हायवेचं काम चालू होतं, ते नेहमीच असतं. उंब्रजपाशी गाडी एवढा वेळ उभी राहिली की दाजी रोज वरून का जातात ते मला कळलं.

घरात दाजी खरोखरच भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी आल्याचं पाहून उठून बसले, पण हात पोटाशीच.

“या मास्तरीणबाई. पोस्टमार्टेमला आलीस?”

“दांड्याच्या, दाजी. तुमचा नंबर नंतर.”

“आमचा आधी लाव. दांडा गॅरंटीत हाय, आमी न्हाई.”

डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी कॉम्प्युटर लावला. सेटिंगमध्ये एक चौकट दिसते, तिच्यात अधिकचं चिन्ह असतं. दांडा जिकडं, ते तिकडं. दांड्याला कुणीही हात लावलेला नव्हता. चिन्ह डावीकडं जाऊन तापात असल्यासारखं थरथरत होतं.

“बघा,” मी म्हणाले. “हात कुठाय तुमचा?”

दाजींनी आपल्या पोटाशी असलेल्या हाताकडं पाहिलं, मग पडद्याकडं. मग काठी घेऊन उठले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

खालचे स्क्रू काढून तळ उघडला. आत लाल चिखल वाळलेला होता. पोटेंशिओमीटरच्या फटीत लाल, वायरींच्या सांध्यांवर पिवळं, दांडा मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगच्या वेढ्यात तांदळाचा एक दाणा आणि एक झेंडूची पाकळी, सुकलेली, पण रंग अजून शाबूत.

“आक्का,” मी हाक मारली, “खंडेनवमीला याची पूजा केलीस का गं?”

ती हात पुसत बाहेर आली. “मग? शिवणयंत्राची केली, स्कूटरची केली, विळीची केली. ह्यालाच काय म्हणून सोडायचं? त्यांचा हात ह्याच्यावर चाललाय म्हणून ह्याची जरा जास्तीच केली.”

“पाण्यात कालवून?”

“कोरडं राहतंय व्हय प्लॅस्टिकवर? कालवूनच लावलं. फुलानं पाणी शिंपडलं. देवाचंच होतं ते.”

दाजी हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनं आधी येतं आणि दुसऱ्या बाजूला जरा उशिरा पोचतं. “म्हंजे कोयनेला मला देवानं नेलं,” ते म्हणाले. “मी उगंच हाताला शिव्या घालत हुतो.”

“हसा,” आक्का म्हणाली. “पूजा केली नसती तर म्हणला असता, माझ्या हत्याराला घरात किंमत न्हाई.”

“हत्यार म्हणती ह्याला. आगं, आख्ख्या नोकरीत माझं हत्यार म्हंजे टॉर्क रेंच.”

त्यांनी तिथल्या तिथं फिजिओच्या बाईंना फोन लावायला सांगितला. आक्कानं लावून दिला. उद्यापासून या, ते म्हणाले, दांड्यात कुंकू निघालं. पलीकडं बाईंना काय समजलं असेल ते असो, त्या येते म्हणाल्या.

मग आम्ही कामाला लागलो. जुने पोटेंशिओमीटर काढून टाकले. त्यांच्या वायरी केसांसारख्या. सोलताना दोन तुटल्या, त्यांना जोड दिला. चुंबकं दांड्याच्या आसांवर चिकटवली, सेन्सर त्यांच्या समोर. पहिल्या खेपेला एक चुंबक उलटं बसलं आणि उजवीकडं ढकललं की चिन्ह डावीकडं जाऊ लागलं. दाजी म्हणाले, “राहू दे, निवडणुकीला उभं करू.” ते परत काढून सरळ केलं. दांड्याला बॅटची रबरी ग्रिप चढवून तो जाड केला, कारण बारीक वस्तू त्यांच्या मुठीतून निसटते. तर्जनीनं दाबायच्या, बंदुकीसारख्या घोड्यावर ब्रेक होता आणि तर्जनी ऐकत नव्हती. त्या घोड्याच्या वायरी मी बाहेर काढून दारावरच्या बेलच्या एका जुन्या बटणाला जोडल्या आणि ते बटण डाव्या हातापाशी टेबलावर चिकटवलं. संध्याकाळपर्यंत माझी मान लाकडासारखी झाली होती.

दांड्याचा तळ बंद करून पडद्यावर चौकट उघडली. चिन्ह बरोब्बर मधोमध, हलेना की डुलेना. आक्कानं नमस्कार केला, पण लांबून.

“धरा,” मी म्हणाले.

दाजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला, बोटं एकेक करून वळवली आणि डावा हात काढून घेतला. चिन्ह डावीकडं सरकलं. थरथर नव्हती, सावकाश, एका गतीनं गेलं आणि कडेपासून थोडं अलीकडं थांबलं. हात पोटाकडं निघाला होता.

कुकरची शिट्टी झाली आणि आक्काला आत जायला कारण मिळालं.

“बाथरूमला जाऊन येतो,” दाजी म्हणाले.

ते काठी टेकत गेले आणि मी पडद्यासमोर बसून राहिले. खरं म्हणजे कुंकू आणि हात दोन्ही एकाच दिशेला ओढत होते. कुंकू निघालं होतं, हात तिथंच होता. सेटिंगमध्ये मध्यबिंदू सरकवायची सोय असते. हात जेवढा डावीकडं ओढतो तेवढा मध्य डावीकडं नेला की मशीनला तेच सरळ वाटतं. मी फार विचार केला नाही. फार विचार करायचं बळ नव्हतं, आणि उद्या बाई येणार होत्या. बिंदू सरकवला, चौकट बंद केली, विमान कराडला उभं केलं.

दाजी येऊन बसले, हात बसवला, उडाले. विमान नाकासमोर उंब्रजवरून निघालं. आक्का दारात येऊन उभी राहिली. “बघा,” ती म्हणाली, “हात कुठं गेला न्हाई आन् काय न्हाई.”

दाजींनी मध्येच दांडा सोडला.

सुटलेला दांडा मधोमध आला, पण सरकवलेल्या बिंदूमुळं मशीनला तो उजवीकडं वाटला. विमानानं आपोआप उजवा पंख खाली टाकला आणि कोरेगावच्या दिशेला वळू लागलं. त्यांनी ते वळू दिलं. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलेल्या माणसानं सोडून बघायला नको होतं असं म्हणण्यात अर्थ नाही. मीही तेच केलं असतं.

“आवं, धरा की,” आक्का म्हणाली.

“धरतो. च्या टाक जरा.”

ती आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “किती दिलंस?”

“बरंच.”

“दाखव.”

मी चौकट उघडली. मध्यापासून बिंदू किती लांब आहे ते त्यांनी पुढं वाकून पाहिलं, जसं ते पूर्वी कुणी दुसऱ्यानं आवळलेला नट बघत असावेत.

“काढून टाकू का?” मी विचारलं.

त्यांनी डावा हात काठीकडं नेला. मला वाटलं, आता पुन्हा भिंत.

“एकदम काढू नको,” ते शेवटी म्हणाले. “एकदम काढलंस तर उद्या मी उठणार न्हाई, मला ठावं हाय. येशील तवा थोडं थोडं काढत जा. किती काढलंस ते सांगू नको.”

“आणि आक्काला?”

“तिला काय सांगायचं? तिची पूजा काय वाया गेली न्हाई, एवढंच सांग.”

ते मी सांगितलं नाही, कारण कसं सांगायचं ते मला कळलं नाही.

महिन्यानं पुन्हा गेले. मानेला पट्टा होता आणि हायवेचं काम तिथंच होतं. दाजी बाईंच्या हाताखाली खांदा वर करत होते आणि त्यांच्यावर करवादत होते, तेवढ्यात मी बिंदू मध्याकडं थोडासा सरकवून ठेवला. बाई गेल्यावर ते येऊन बसले. कराड सुटलं. उंब्रज ओलांडल्यावर विमान हळूच डावीकडं कलायला लागलं. दाजींच्या कपाळावर घाम आला, मनगट उजवीकडं वळलं, परत आलं, पुन्हा वळलं. हायवे पडद्याच्या कडेला जाऊन कसाबसा परत मध्ये आला.

“आज वारं हाय,” ते म्हणाले.

सिम्युलेटरमधलं हवामान मी मागच्या खेपेलाच बंद करून ठेवलं होतं.

“व्हय,” मी म्हणाले, “पूर्वेचं दिसतंय.”