आत्या कोणत्या घरच्या

कापड हातात आलं की ती आधी ते उलटं करायची. "पुढून सगळेच चांगले दिसतात, शेठ," म्हणायची. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या पडद्यांच्या दुकानात ती नऊ वर्षं शिवत होती. चिपळूणकडची, चाळिशीच्या आतली विधवा. मुलगी तिकडेच मामाकडे राहून कॉलेजात जायची.

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी स्वतः तसलाच, म्हणून आमचं जमलं. माल देणारा "हबीबी, लास्ट प्राइस" म्हणाला की ती मशीनवरून मान न उचलता खोकायची. मग मी त्याला आणखी खाली ओढायचो.

गेल्या वर्षी तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय कमी आहे, आजार आनुवंशिक असू शकतो. जनुकांची तपासणी केली तर मुलीला किती धोका आहे तेही कळेल. मंजुरीच्या फॉर्मसाठी इन्शुरन्सच्या माणसाने विचारलं, "खानदान में किसी को कैंसर?"

"नहीं जी. हमारे घराने में किसी को नहीं," ती ठामपणे म्हणाली.

आठवड्याने उत्तर आलं, नामंजूर. कुटुंबात कोणाला आजार नाही.

मी भडकलो. मरीनासारख्या श्रीमंत भागातल्या ऑफिसवाल्यांच्या पॉलिसीत हीच तपासणी सहज बसते, आमच्यात प्रत्येक ओळीला अट. ती पॉलिसी मीच घासाघीस करून घेतली होती, हे मात्र कोणाला बोललो नाही. तिला घेऊन हॉस्पिटलात गेलो आणि काउंटरवर हात आपटला.

"शेठ, तुमच्या आवाजाला कागद घाबरत नाही," ती म्हणाली.

आतून एक मल्याळी समुपदेशक बाई आल्या. वंशावळ काढायला त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार झालेला काळा. एकेकाची चौकशी सुरू झाली.

"पिताजी की बहनें?"

"तीन थीं. तीनों गईं. छाती की गाँठ से."

मी मध्येच विचारलं, "ताई, मग फॉर्मच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"घराण्यातलं विचारलं होतं ना त्यांनी? आत्या लग्न होऊन गेल्या. एक खेडची, एक गुहागरची, एक लांज्याची. आमच्या घरच्या कशा त्या?"

नवा फॉर्म गेला. उत्तर आलं: आधी कोणी नाही, आता एकदम तीन; माहितीवर विश्वास ठेवता येत नाही. मी चिडलो खरा, पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पुढे अपील केलं, तेही फेटाळलं. तिने गावी परतायचं ठरवलं. तपासणी मुंबईत जमली तर बघू, म्हणाली. आता तिच्या मशीनवर दुसरी बाई बसते; ती कापड सरळच ठेवते.

जायच्या आदल्या दुपारी तिने तो कागद मशीनवर पसरला. तीन काळे गोल तिच्या वडिलांच्या चौकोनाला लागून, एकाच रेघेवर होते. त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं. मग आत्यांच्या मुलींचे नंबर भावाकडून मागवले. कित्येक वर्षांत त्यांच्याशी बोलणं नव्हतं.

"मी तुझ्या मामाची मुलगी बोलतेय, दुबईहून," ती लांज्याच्या बहिणीला सांगत होती. "नाही गं, कुणाचं लग्न नाही. दार लावून घे आणि नीट ऐक. तुझ्या छातीत कधी काही हाताला लागलंय का?"