ओ द्यायची नाही

कुपवाडच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून एक तरुण माझ्या स्पॅनिशच्या वर्गाला येतो. काल त्याच्या शर्टाला लेथच्या तेलाचा वास आला आणि वडील कामाला होते ते वर्कशॉप आठवलं. मी कॉलेजात होते, त्यांचा डबा घेऊन गेले होते. वर तापलेला पत्रा, चपलेखाली लोखंडाचा कीस. मालकाच्या पोरानं सगळ्यांदेखत वडिलांच्या नावाला ‘या’ जोडून हाक मारली. वडिलांनी ओ दिली नाही. दोनदा, तीनदा तेच. शेवटी तो अंगावर येऊन ओरडला, "भैरा झालास काय रं?" वडिलांनी मशीन बंद केलं. मला वाटलं, गेली नोकरी. "असल्या नावाचं हितं कोण न्हाई," ते म्हणाले. "तुमचे वडील मला राव म्हणत्यात." शेजारची मशिनंही एकेक थांबली. पोरानं खाली बघत नावाला ‘राव’ लावलं. "बोला," वडील म्हणाले. काल वर्गात धड्यात ‘इतो’ हा प्रत्यय आला. स्पॅनिशमध्ये तो लावला की आजोबासुद्धा लाडानं लहानगे होतात. "म्हणजे आपला ‘या’ की, मॅडम!" तो तरुण म्हणाला. "दोस्तानं लावला तर," मी म्हणाले. "माजानं कुणी लावला, तर ओ द्यायची नाही."