‘नको’चं बटण

पालमच्या बाजारात बसवंतरावांचं किराणा दुकान आहे. त्या दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या भेल्या आणि तेलाच्या डब्यांना खेटून, त्यांची लेक महेश्वरी वर्षभर कॉम्प्युटरसमोर बसून होती. ती गेम बनवत होती. गिऱ्हाईक विचारायचं, “मालक, पोरगी काय करती सध्या?” बसवंतराव कपाळावरच्या भस्माला उगाच हात लावायचे आणि म्हणायचे, “कॉम्प्युटरचं हाय कायतरी.” त्यापुढचं त्यांना सांगता यायचं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. इंजिनिअर झालेली पोरगी घरात बसून खेळ बनवतेय, हे चारचौघांत कुठल्या तोंडानं सांगायचं?

मागच्या येळवशीलाच बापलेकीचं ठरलं होतं. “ही येळवस ते पुढची येळवस,” बसवंतराव म्हणाले होते. “तवर लोकांनी तुझा खेळ खेळला तर तुझं खरं. न्हाईतर लातूरला शिवकांतकाकाच्या हापिसात फारम भरायला जायचं. मग कुरकुर चालायची न्हाई.” महेश्वरी हो म्हणाली. तीही बापासारखीच हट्टी होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आख्खं पालम कुलूप लावून शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोपी, म्हणजे कोप, उभी करायची, पूजा करायची आणि मग शेंगा-भाज्यांची दाट भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली आंबट अंबील हाणायची. मुख्य म्हणजे बांधावरून जो कोणी जाईल त्याला हाक मारायची. ओळखीचा असो, अनोळखी असो, कालपर्यंत बांधावरून भांडलेला असो, जेवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही.

महेश्वरीची गेम हीच होती, जेमतेम तासाभराची. एक लहान पोर डोक्यावर अंबिलीचं मडकं घेऊन आपल्या शेताकडं निघते. वाटेत ओढा लागतो, वाट अडवून बसलेला बैल भेटतो आणि सात शेतं लागतात. प्रत्येक शेतातून एखादी म्हातारी हाक मारते. थांबायचं, जेवायचं, त्या घरची गोष्ट ऐकायची आणि पुढं निघायचं. कुणाला मारायचं नाही, कुणी मरत नाही. आपल्या शेतात पोचेपर्यंत पोट तडस लागेस्तोवर भरलेलं असतं, आणि तिथं आई ताट वाढून बसलेली असते.

दिवाळी झाल्यावर तिनं गेम लोकांसाठी खुली केली. आठ दिवसांत अकरा जणांनी ती खेळली. त्यातली एक तिची सेलूची मैत्रीण सुकेशनी, आणि एक दुसऱ्या फोनवरून खेळलेली महेश्वरी स्वतः. उरलेल्या नऊ जणांतल्या सहा जणांनी एकच तक्रार लिहिली: गेम बिघडलेली आहे, म्हातारी जेवायला बोलावते आणि तिला नाही म्हणायला बटणच नाही. एकानं तर लिहिलं, ‘ही गेम मला जबरदस्तीनं जेवू घालते.’

महेश्वरी ते बटण ठेवायला विसरली नव्हती. येळवशीला कुणी ‘नको’ म्हणेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

“अगं, पुण्या-मुंबईच्या माणसाला काय ठाव?” सुकेशनी फोनवर म्हणाली. “त्याला वाटायलंय गेम अडकली. दे की एक बटण.”

“दिलं की गेम संपली. सगळे नको नको म्हणत पाच मिन्टात शेतात पोचतेत. मग वर्षभर मी काय केलं?”

येळवशीला दीड महिना उरला होता. दोन दिवस महेश्वरी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई, शिवम्मा, ओसरीत ज्वारी निवडत बसली होती, तिथं ती जाऊन टेकली. “आई, येळवशीला पाव्हणा नको म्हणला तर?”

“म्हणू दे की,” शिवम्मा सुपातून मान वर न काढता म्हणाली. “आपण ऐकतो व्हय?”

“मंजी?”

“मंजी काय? नको कसं? पहाटंपासून चुलीपुढं बसले ते काय बैलासाठी? बरं, भज्जी नको तर उंडा खा. उंडा नको तर घोटभर अंबील घे. तेबी नको? मग बस तरी. बसलास ना? आता रिकामं बसून काय करतोस, खा!”

महेश्वरी ताडकन उठली. पळत जाऊन तिनं आवाज टिपायला फोन आणला. “आई, परत म्हण.”

पुढचे पंधरा दिवस ती पालमभर आग्रह गोळा करत हिंडली. शेजारच्या शेतातल्या सरजाबाईनं तर एका बैठकीत एकोणीस तऱ्हा सांगितल्या. त्यात लाडीगोडी होती, धमकी होती, रुसवा होता आणि मेलेल्या नवऱ्याची शपथसुद्धा होती. गेममध्ये ‘नको’चं बटण आलं. खेळणाऱ्यानं ते खुशाल दाबावं. गेममधली म्हातारी दर वेळी नवं काहीतरी म्हणते, सरजाबाईच्याच खऱ्या आवाजात. विसाव्या वेळी ती आग्रह सोडते, पदराला हात पुसते आणि शिदोरी बांधून हातात देते. “जा बाबा. पर वाटंत भूक लागली तर?”

नाशिकला कारखान्यात कामाला असलेल्या धम्मानंदनं मुद्दाम वीस वेळा नको म्हणून त्याचा व्हिडिओ टाकला. एकोणीस वेळा तो खदाखदा हसला. विसाव्याला तो रडायलाच लागला. तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. शारजातून कुणी लिहिलं, ‘तीन वर्षं मेसमध्ये जेवतोय, दुसऱ्यांदा वाढू का असं कुणी विचारलं नव्हतं.’ एका बंगाली बाईला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, तरी तिनं लिहिलं, ‘ही माझी मावशीच आहे.’ येळवशीच्या आदल्या दिवशी खेळणाऱ्यांचा आकडा चाळीस हजारांवर गेला. सुकेशनी फोनवर नुसती किंचाळत होती.

महेश्वरीनं आकडा बापाला दाखवला. बसवंतरावांनी चष्मा लावला, काढला. “फोनातली माणसं खरी कशावरनं? आकडा कुणीबी लिहितंय. उद्या शिवकांत गाडी घेऊन यायलाय. पिशवी भरून ठेव.”

तिनं पिशवी भरली. भरताना रडली आणि दातओठही खाल्ले. चाळीस हजार माणसं जिंकली, पण घरातलं एक जिंकता येत नव्हतं.

येळवशीला शेतात कोपीपुढं पंगत बसली. शिवकांतकाका मांडी घालून दुसऱ्यांदा भज्जी मागत होता. तेवढ्यात बांधावर एक जोडपं उभं राहिलं, पायांवर एसटी-स्टँडपासूनची धूळ.

“या, या! जेवाय या!” बसवंतरावांनी सवयीनं हाक दिली. “कुणाचे पाव्हणे?”

“कुणाचेच नाही,” तो माणूस म्हणाला. “मी धम्मानंद, ही निकिता. नाशिकहून आलो. एक गेम खेळलो ना, येळवशीची, त्यानंतर घरी राहवेना. गेमवर पालमचं नाव लिहिलेलं होतं. ती ज्यांनी बनवली त्या ताई इथंच कुठं राहतात का?”

बसवंतरावांनी हातातला अंबिलीचा पेला खाली ठेवला. “नाशिकहून? नुसतं त्याच्यासाठी?”

“नुसतं त्याच्यासाठी. मागं अजून येतायत. एसटीत आम्ही नऊ जण होतो.”

खरंच, वडाच्या वळणावरून पाठीला सॅक लावलेली माणसं एकेक करून येत होती आणि शेताशेतातून त्यांना हाका सुटल्या होत्या. बसवंतरावांनी पंगतीकडं वळून पाहिलं. महेश्वरी हातातला उंडा तसाच धरून बसली होती. मग ते असे ओरडले की तीन शेतं पलीकडं ऐकू गेलं, “माझी लेक हाय ती! महेश्वरी! माझ्याच दुकानात बसून केलाय तिनं खेळ!”

वर्षभर जे चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, तेच बसवंतराव अख्ख्या शिवाराला सांगत सुटले. महेश्वरी हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हती. धम्मानंद आणि निकिताला बसवंतरावांनी स्वतःच्या पाटावर बसवलं, आपल्या हातानं वाढलं आणि मगच ते भावाकडं वळले.

“शिवकांत, जेवून निवांत जा. पर गाडीत एकलाच जा. फारम भरायला तुला कुणीबी मिळंल. हिचं काम हिच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई.”