जाड तांब्याचा बंब

आमच्या बडनेऱ्याच्या घरात बंब आला तो सासूबाईंसाठी. निदान सांगायला तरी तसंच होतं. त्यांना दमा होता. मामंजींचे गुडघे धरलेले, त्यांना रोज सकाळी दोन बादल्या कढत पाणी लागे, आणि त्यासाठी सासूबाई अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवून धुरात बसत. डॉक्टरांनी बजावलं, धूर बंद करा. मग ठरलं, अकोल्याला जाऊन कमी जळणात तापणारा चांगला बंब घ्यायचा.

अकोल्याला मामंजी, हे आणि मी गेलो. सासूबाईंना कोणी चल म्हटलं नाही. विस्तवापुढे बसणार त्या. पण त्या आल्या असत्या तर घरी स्वयंपाक कोणी केला असता?

तांबटानं दोन बंब पुढे ठेवले. एक पातळ पत्र्याचा, मधली नळी चांगली रुंद. दुसरा जाड तांब्याचा, नळी अरुंद. "हा अर्ध्या जळणात तापते, अन् संध्याकाळपर्यंत गरम राह्यते," तो म्हणाला. मामंजींनी जाड बंब बोटांनी वाजवून पाहिला आणि खूश झाले. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या इंजिनात कोळसा मारण्यात घालवलेला.

मी म्हटलं, "मामंजी, पण यात पऱ्हाट्या जातील का?"

"बॉयलर आता तू मले शिकवशीन?"

हे दुसरीकडे बघायला लागले. नवऱ्यांना अशा वेळी दुकानातली भांडी फार आवडतात. जाड बंब घेऊन आम्ही परतलो.

तांबट खोटं बोलला नव्हता. कोळशावर तो बंब झकास तापला असता. पण मामंजी रिटायर झाले तसा आमच्या घरातला कोळसाही रिटायर झाला होता, हे बॉयलरच्या भरात त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आमचं जळण म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, अकोटकडच्या माझ्या माहेरच्या शेतातून येणारी. त्या अरुंद नळीत जायला वीत वीत तोडाव्या लागत. चार तुकडे टाकले की भुर्रकन जळून जात, पुन्हा टाका. नळी तुंबली की सगळा धूर खालच्या तोंडातून बाहेर. चुलीपासून सासूबाई मधे उठून तरी जाऊ शकत. बंबापासून हलताच येईना.

मी अमरावतीला शाळेत शिकवत होते, सकाळची गाडी धरायची असे. पहिल्यांदा मी "ठेवा, मी तोडते" असं म्हणायची. मग म्हणणंही सोडलं. फार थकलेली असायची मी. आधी मामंजी, मग हे, मग मी, अशा आंघोळी होत. तोवर टोपलीतले तुकडे संपलेले असत. सासूबाई खोकत उठत आणि बादलीभर गार पाणी अंगावर घेत. मला हे माहीत होतं. दोन हिवाळे माहीत होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी, सगळ्यांचं आटोपल्यावर, मी फक्त त्यांच्यासाठी बंब पुन्हा पेटवला. तासभर पऱ्हाट्या तोडून टाकत बसले. डोळे चुरचुरत होते, बोटं सोलली होती. वाफाळती बादली न्हाणीत नेऊन ठेवली.

"आत्याबाई, चला," मी सासूबाईंना म्हटलं.

त्यांनी पाण्यात हात घातला आणि चटकन काढून घेतला. "इतकं गरम काहून केलं वं? माह्या आंगाले आता नाई सोसत."

तांब्या तांब्या गार पाणी त्या ओतत राहिल्या, पार वाफ जाईपर्यंत. मी बंबाकडे वळले तर म्हणाल्या, "त्यातलं राहू दे. तुह्या सासऱ्याच्या गुडघ्याले कामी येईन."

पाणी संध्याकाळपर्यंत खरंच गरम राहिलं. मामंजी गुडघ्यांवर ओतून घेत मला म्हणाले, "पाह्य, मी म्हटलं नोतं? जाड तांबं हाये."