कड नसलेल्या मिळकतीचा प्रश्न

अर्जदार : मी स्वतः, नागपुरात कचेरीच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. गैरअर्जदार : तिथल्याच महाल भागात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे गणिताचे तात्पुरते व्याख्याते. काळ : सत्तरच्या दशकातला एक हिवाळा. स्थळ : भूमिती व टोपोलॉजी या विषयांची परिषद. साक्षीदार : विभागप्रमुख, बाहेरप्रांताचे एक विद्वान पाहुणे आणि जेवणानंतरही जागे राहिलेले मोजके श्रोते. नावे सर्वांच्या अब्रूखातर गाळली आहेत.

हकीकत अशी. पाहुण्यांचे मत अनुकूल पडल्यास व्याख्यात्यांची नोकरी कायम होणार होती. परंतु विभागप्रमुखांनी त्यांना बजावले होते की, ज्याच्या भाषणावर एकही प्रश्न येत नाही, त्याच्यासाठी शब्द टाकणे कठीण जाते. त्यांचा विषय असा, की त्यावर प्रश्न सुचायलासुद्धा तो आधी समजावा लागे. म्हणून आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले.

“काका, भाषण झालं की उभं राहून एवढंच विचारा : हे चार मितींतही खरं आहे काय? पाहुण्याले इंग्रजीत मी सांगतो. तुम्ही भर घालू नका.”

“भर न घालता मी आजवर कोणाचा अर्ज लिहिला गा?”

“त्याचंच तर भेव वाटून राहिलं मले.”

भाषणात त्यांनी फळ्यावर सायकलच्या ट्यूबसारखी आकृती काढली. माझे इंग्रजी बेताचे असले, तरी जमिनीच्या कागदांत ‘बाउंड्री’ हा शब्द मी नित्य वाचतो. ‘नो बाउंड्री’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भाषण संपले. कोणी हात वर करीना. मी उठलो. ठरवून दिलेला प्रश्न माझ्या लौकिकाला शोभणारा नव्हता. मी त्यात आवश्यक त्या दुरुस्त्या केल्या.

“सदर मिळकतीस कोठेही सीमा नाही, असे निवेदन झाले. मग शेजारी कोण? वहिवाट कोणाची? आणि कुंपण घालावयाचे झाल्यास पहिला खांब कोठे रोवावा?”

व्याख्याते पांढरे पडले. मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी इंग्रजीत एकच ओळ सांगितली. पाहुणे खुर्चीत पुढे सरकले, “व्हेरी गुड क्वेश्चन” म्हणाले, आणि दोघेही फळ्याशी बराच वेळ रमले. विभागप्रमुखांना मराठी उत्तम येते. त्यांनी तोंडावर धरलेला रुमाल चहापर्यंत काढला नाही. सर्दी झाल्याचे ते सांगत होते.

चहाच्या वेळी मी व्याख्यात्यांना गाठले. “माझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नाची एकच ओळ काहून?”

“काका, मी माझा चार मितींचाच सांगितला. तुमचा सांगितला असता, तर मले हिंगण्याले कारखान्यात काम पाहा लागलं असतं!”

त्यांची नोकरी कायम झाली, पेढे पोचले. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि ज्या प्रश्नाची प्रशंसा झाली तो मी विचारलेला नाही, आणि मी विचारलेला अद्याप अनुत्तरित आहे. गैरअर्जदारांस आता नोकरीचे भय उरलेले नाही. सबब त्यांनी पहिल्या खांबाची जागा निश्चित करून, साध्या मराठीत व लेखी, अर्जदारास कळवावी, ही विनंती.